शेवंतीच्या पाठीवरचा सात

१

मंगळवारी दुपारी सुखदेव कळंबे सायकलचं दुकान बंद करून जेवायला घरी आला, तेव्हा कोठ्याचं दार उघडं होतं आणि आत शेवंती नव्हती.

शेवंती म्हणजे त्याची पांढरी घोडी. पांढुर्ण्यातले कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवापर्यंत गेले होते. त्या संध्याकाळीही तिला एका वरातीत जायचं होतं. फेब्रुवारी महिना, सत्त्याऐंशी साल. लग्नाच्या तिथी एकीला एक लागून आल्या होत्या.

खुंटीवर जरीची झूल तशीच होती. लगामही जागेवर होता. पण भिंतीतल्या कोनाड्यात चार लोखंडी नाल एकावर एक नीट रचून ठेवलेले होते. ते शेवंतीच्याच पायांचे होते. नेणाऱ्याने आधी तिचे नाल काढले आणि मगच तिला नेलं होतं.

शेजारपाजारचे जमले. नालांचे ठसे वाटेवर उमटू नयेत म्हणून काढले असतील, असं सगळ्यांचं ठरलं. नाल काढणं कोणालाही जमत नाही. त्या भागात ते काम एकालाच येत होतं, असं लोक समजत. तो म्हणजे मनोहर. वरातीत लगाम धरून घोडीपुढे चालणारा हा चोवीस वर्षांचा मुलगा. त्याचा बाप फौजेत नालबंद होता. आणि दोनच दिवसांपूर्वी भर रस्त्यात त्याचं सुखदेवशी भांडण झालं होतं.

सुखदेव तडक मनोहरच्या घरी गेला. मनोहर नव्हता, त्याची आई कुसुम होती. तिला तो एवढंच म्हणाला, "सोमवारपर्यंत घोडी माह्या कोठ्यात नाही आली, त मी ठाण्यात रपट लिहिन. नाव मनोहरचं लिहिन."

कुसुमच्या हातातलं सूप खाली आलं. मनोहरची रेल्वेत गँगमन म्हणून निवड झाली होती. तिगावला हजर व्हायचं होतं, फक्त पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला यायचा बाकी होता.

२

कुसुम गेली ती प्रमिलाबाई सोमकुवरांकडे. बाईंनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. सुखदेवही त्यांच्या हाताखालून गेला होता आणि मनोहरही. गावात कोणाला काही उलगडलं नाही की लोक अजूनही त्यांच्या ओसरीवर येऊन बसत.

"बाई, पोट्ट्यानं घोडीले हात नाही लावला," कुसुम म्हणाली. "पण सुखदेवभाऊ ऐकूनच नाही घेऊन राहिले. रपट झाली त तिगावची नोकरी गेली समजा."

बाईंनी तिला पाणी दिलं. मनोहरला पाठवून दे म्हणाल्या, आणि जेवण करून पाठव म्हणाल्या. उपाशी माणूस खरं बोलला तरी ते खोटं वाटतं.

मनोहर आला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला, शाळेत उशिरा आल्यावर बसायचा तसा. भांडण झाल्याचं त्याने लपवलं नाही. कारण विचारल्यावर पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला,

"शेवंतीच्या पुढच्या पायात गरमी हाये, बाई. खुराले हात लावला त चटका बसते. पंधरा दिवस झाले, सारा भार मागच्या पायावर टाकून उभी राहते. म्या सुखदेवभाऊले म्हटलं, यंदा तिले वरातीत नोको नेऊ. ते म्हणे, तू त चालला रेल्वेत, तुले काय."

"नाल तू काढलेस?"

"म्या काढले असते त खूरही तासले असते. नाल काढून खूर तसाच सोडला त कडा फुटतात. बापानं मले सगळ्यात पहिले तेच शिकवलं."

बाईंनी ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या सुखदेवच्या कोठ्यात गेल्या. तिथे सुखदेवचा बाप रामाजी एकटाच बसला होता. तरुणपणी रामाजी स्टेशन ते गाव टांगा हाकायचा. सत्तरीतही तो रिकामा बसत नसे. हंगामात बागांमध्ये आणि बाजारात संत्री मोजायला जायचा, आणि शेवंतीचा खरारा, आंघोळ, दाणापाणी हे सगळं तोच करायचा. सुखदेव दिवसभर दुकानात असायचा, मनोहर फक्त वरातीपुरता यायचा, तेव्हा घोडी सजवून तयार असायची.

घोडी गेली तेव्हा आपण सकाळपासून संत्रा बाजारात होतो, असं रामाजीने न विचारताच सांगितलं. बाईंनी कुंपणावर वाळत घातलेल्या एका जाड कापडाकडे बोट दाखवलं. जुन्या धोतराचे पदर जोडून शिवलेलं होतं ते. रामाजी म्हणाला, शेवंतीच्या पाठीवर टाकायचं आहे, त्यानेच शिवलं आहे.

"बारा महिने टाकता?"

"हो. तिच्या आकड्यावर माश्या बसतात."

हा आकडा काय, ते सुखदेवने दुकानात पंक्चर काढता काढता बाईंना सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आसपासच्या दोन पांढऱ्या घोड्या चोरीला गेल्या होत्या. वरातीला पांढरीच घोडी लागते, म्हणून चोराचा डोळा पांढरीवरच. तेव्हा गुरांच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर श्रीधर यांनी पुढाकार घेतला. लोधीखेड्याच्या तांबटाकडून त्यांनी तांब्याचे आकडे करून घेतले आणि गेल्या वर्षी जानेवारीत ते गोठवून गावातल्या सगळ्या घोड्यांच्या कातडीवर दाबून नंबर घातले. शेवंतीचा नंबर सात. नवरदेवाच्या घरच्यांना नंबरची घोडी आवडायची नाही, म्हणून सुखदेवने तो पाठीवर, झुलीखाली झाकेल अशा जागी घालून घेतला होता.

"नंबर असून नेली बाई," सुखदेव म्हणाला. "म्हणजे नेणाऱ्याले विकायची नव्हती. माहा हंगाम बुडवायचा होता. असा राग कोणाले होता, ते तुम्हीच सांगा."

बाई सायकलींमधून वाट काढत बाहेर पडल्या.

३

शनिवारी सकाळी सौंसरचा दिलीप आला. दिलीपची बँडपार्टी होती आणि तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. शेवंती मला विक, म्हणून तो दोनदा सुखदेवच्या मागे लागला होता.

तो गुरुवारी रामाकोन्याला एका लग्नात वाजवायला गेला होता. तिथे पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बागेत त्याने एक पांढरी घोडी पाहिली. चार हंगाम मी तिच्यापुढं वाजवत चाललो, मी तिला ओळखणार नाही तर कोण ओळखणार, असं त्याचं म्हणणं होतं.

"तूच नेऊन ठेवली अन् तूच सांगाले आला काय?" सुखदेव म्हणाला.

"मले घोडी पाहिजे होती," दिलीप म्हणाला. "लंगडी घोडी घेऊन मी काय तिच्यापुढं रडगाणं वाजवू?"

सुखदेव त्याच दिवशी डॉक्टर श्रीधरांना घेऊन रामाकोन्याला गेला. पुंडलिकराव शांत माणूस. घोडी कुठून आणली, हे त्यांनी सांगितलं नाही. "नंबर दाखवा अन् घेऊन जा," एवढंच म्हणाले आणि घोडीच्या पाठीवरचं पोतं त्यांनी स्वतः उचललं.

सुखदेवला पाहून घोडीने कान पुढे केले. डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला, पाणी लावून केस चोळून पाहिले, तिरप्या उन्हात पाहिलं. सगळीकडे दाट पांढरे केस होते. सात नव्हता, साताचा मागमूसही नव्हता.

"ही शेवंती नाही," डॉक्टर म्हणाले. "पांढऱ्या घोडीवर गोठवलेल्या आकड्याच्या जागी टक्कल पडतं. तिथे जन्मात पुन्हा केस येत नाहीत."

घोडी शेवंतीसारखीच दिसत होती, पण नंबराशिवाय सुखदेवला ते सिद्ध करता येईना. तो रिकामा परत आला. आता एक रविवार उरला होता.

४

रविवारी सकाळी प्रमिलाबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी चहा मागवला. बाई म्हणाल्या, मला काही येत नाही असं समजून मला सगळं पहिल्यापासून शिकवा.

डॉक्टरांना ते आवडलं. कोपऱ्यात एक पत्र्याची उंच बरणी होती, तिचं झाकण त्यांनी उचललं. आतून पांढरा धूर निघाला. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी येणारा द्रव नायट्रोजन होता तो. बर्फाहून किती तरी थंड. तांब्याचा आकडा त्यात बुडवायचा, केस कापून त्या जागी कातडीवर दाबायचा. केसाच्या मुळाशी रंग तयार होतो. आकडा थोडाच वेळ दाबला तर तो रंग मरतो, पण केस जगतो आणि पांढरा उगवतो. काळ्या किंवा तांबड्या घोड्यावर पांढरा आकडा लांबून वाचता येतो.

"पण पांढऱ्या घोडीवर पांढरा केस कसा दिसणार?" डॉक्टर म्हणाले. "म्हणून तिच्यावर दुप्पट वेळ दाबायचा. मग मूळच मरतं, टक्कल पडतं आणि खालची काळसर कातडी दिसते. काळ्याला बारापर्यंत मोजायचं, पांढरीला पंचवीसपर्यंत."

बाईंनी थोडा विचार केला.

"आणि पांढरीवर आकडा काळ्याइतकाच वेळ दाबला तर?"

"तर आधी सूज येईल. आकडा महिना-दोन महिने चांगला दिसेल, सगळे खूश होतील. मग खपली पडेल आणि..." डॉक्टर थांबले. त्यांनी कप खाली ठेवला. "आणि पांढरे केस उगवतील. मग काहीच दिसणार नाही."

"तुम्ही नंतर कधी पाहिलं होतं?"

"नाही. पंधरा दिवसांनी सूज पाहिली, सात स्पष्ट होता. नंतर पाहायचं राहिलं. पण बाई, मी पंचवीसपर्यंत दाबला होता."

"तुम्ही मोजलं?"

"माझे दोन्ही हात दांड्यावर होते, आणि घोडी बुजत होती. रामाजीकाकांनी तिचं तोंड धरलं होतं. मी म्हटलं, काकाजी, तुम्हीच मोठ्यानं मोजा, तुमचा आवाज ऐकला की ती उभी राहील. आणि राहिली ती. त्यांनी एकही आकडा गाळला नाही."

बाई उठल्या. दारातून वळून त्यांनी आणखी एक विचारलं, रामाकोन्याच्या घोडीचे पाय कसे होते. डॉक्टरांनी आठवून सांगितलं, नाल नव्हते, खुरांच्या कडा फुटल्या होत्या. पुढचे दोन्ही पाय आजारी होते, आणि त्यांच्याखाली कोणीतरी मऊ वाळू पसरली होती, जाणत्या माणसाने सांगितल्यासारखी.

५

घरी जाताना बाई वाट वाकडी करून संत्रा बाजारात शिरल्या. ढिगापाशी मोजणारे बसले होते. दोन्ही हात एकदम चालत आणि हाताबरोबर जीभ. सूर लावून ते आकडे म्हणत. एक आकडा संपायच्या आत दुसरा यायचा. हात थांबला तर माल पडून राहतो, म्हणून जन्मभर मोजणाऱ्याची जीभ हळू चालूच शकत नाही.

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एका म्हाताऱ्याचे आकडे ऐकले. एकपासून पंचवीसपर्यंत जायला त्याला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला माल उतरवून रिकामे झालेले मेटाडोर उभे होते. हे कुठले, असं बाईंनी विचारलं. एक सौंसरचा होता, दोन रामाकोन्याचे.

बाई तिथेच एका पेटीवर बसल्या. त्यांना उत्तर सापडलं होतं, आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

६

दुपारी त्यांनी सगळ्यांना सुखदेवच्या कोठ्यात बोलावलं. रामाजी भिंतीला टेकून बसला होता. मनोहर दाराबाहेर उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. कुसुम त्याच्या शेजारी होती.

बाई वर्गात गणित सोडवायच्या तशा सावकाश बोलल्या.

"सुखदेव, तू म्हणालास, नंबर असून नेली. नेणाऱ्याला माहीत होतं, की नंबर नाहीच. रामाकोन्याची घोडी शेवंतीच आहे. तिच्यावर आकडा पुरेसा वेळ दाबला गेला नाही, म्हणून केस पुन्हा आले. हे कोणाला कळलं असेल? तू तिला झुलीत पाहायचास किंवा त्या शिवलेल्या कापडात. मनोहरही तसाच पाहायचा. उघडी पाठ रोज एकच माणूस बघत होता."

सुखदेवने बापाकडे पाहिलं नाही. तो बाईंकडेच पाहत राहिला.

"नाल ठसे लपवायला काढलेच नव्हते. दुखऱ्या पायांना आराम पडावा म्हणून काढले होते. ज्याला तिला दूर चालवत न्यायचं असतं, त्याने नाल ठेवले असते. मनोहरने काढले असते, तर खूर तासले असते. हे काम अशा माणसाचं, ज्याला नाल काढता येतात, पण तासायचं काम कधी करावं लागलं नाही. टांगेवाल्याचं. आणि त्या पायांनी ती रामाकोन्यापर्यंत चालत गेली नाही. मंगळवारी संत्रा बाजारातून रिकामा परतणारा मेटाडोर तिला घेऊन गेला."

मग रामाजी बोलला.

"पंचवीस मोजले बाई. खोटं नाही मोजले. बागेतले मोजले. तिचं तोंड माह्या हातात होतं, कातडी थरथरत होती. जीभ आपोआपच पळाली. मी तिले थांबवली असती त थांबली असती. नाही थांबवली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "केस आल्यावर शरम वाटली. डॉक्टरचं काम माह्यानं वाया गेलं. म्हणून कापड शिवलं."

"आणि यंदा?" बाईंनी विचारलं.

"यंदा तिच्यानं चालवत नव्हतं. सुखदेवले तीनदा सांगतलं. म्हणे, हा एक हंगाम जाऊ द्या. पुंडलिकरावच्या बागेत मी कितीतरी साल मोजणी केली. त्याले म्हटलं, मरेपर्यंत ठेव, कोणाले नाव नोको सांगू."

"बाबा, तुम्ही मले जोऱ्यानं सांगाले पाहिजे होतं," सुखदेव म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"जोऱ्यानं सांगतलं असतं त तू ऐकलं असतं?"

सुखदेव खाली बसला.

दाराबाहेरून कुसुम पुढे आली. ती रामाजीच्या समोर उभी राहिली. "काकाजी, पाच दिवस झाले. पाच दिवस तुम्ही पाहून राहिले, माहा पोट्टा रस्त्यानं मान खाली घालून जाऊन राहिला. घोडीचा पाय दुखते ते तुम्हाले दिसलं."

तिने वाक्य पुरं केलं नाही.

"सोमवारच्या आत सांगणार होतो," रामाजी म्हणाला. "तवरक शेवंती सुखानं मरून जाईन, असं वाटत होतं."

"आज रविवार आहे, काकाजी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि ऊन उतरलं."

रामाजीने मान हलवली. त्याने मनोहरकडे पाहिलं, तेव्हा दारात कोणी नव्हतं.

७

सोमवारी रपट झाली नाही. सुखदेव मनोहरच्या दारात गेला आणि चार शेजाऱ्यांदेखत हात जोडून उभा राहिला. मनोहरने त्याला बसायला खाट दिली. पण तो स्वतः उभाच राहिला. दाखला आला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो तिगावला गँगमध्ये हजर झाला.

सुखदेवने पुढच्या साऱ्या वराती सोडल्या. डॉक्टर श्रीधर दर आठवड्याला रामाकोन्याला जात. खुराच्या आतलं हाड फिरलं होतं. पंधरा दिवस आधी थांबवली असती तर काही करता आलं असतं, असं त्यांनी प्रमिलाबाईंना सांगितलं, सुखदेवला नाही. बाईंनीही ते कोणाला सांगितलं नाही.

चैत्रात एका दुपारी रामाजी पॅसेंजर गाडीने तिगावला उतरला. रुळाच्या कडेने अर्धा मैल चालत गेला. गँगची माणसं कडुनिंबाखाली भाकरी खायला बसली होती. मनोहरने त्याला ओळखलं आणि थोडा बाजूला सरकला. रामाजी बसला.

"शेवंती गेली," तो म्हणाला.

"कधी?"

"परवा. पुंडलिकरावनं बागेतच खड्डा केला."

मनोहरने हातातला घास ठेवला. "पडून होती?"

"चार दिवस."

"निरोप द्यायचा होता. काही नाही त अंगाखाली गवत बदलत राहिलो असतो."

"कोणत्या तोंडानं देऊ?" रामाजी म्हणाला. मग तो पुढे बोलायला लागला, "त्या रविवारी मी तुह्यासमोर..." पण ते त्याला जमलं नाही. मनोहरनेही, जाऊ द्या काकाजी, असं म्हटलं नाही. त्याने भाकरीचा अर्धा भाग तोडून त्याच्या हातावर ठेवला.

मुकादमाने हाक मारली. माणसं उठली. मनोहरने फावडं उचललं.

"परतीची गाडी चार वाजता हाये," तो म्हणाला. "तवरक इथं सावलीत बसा. उन्हात स्टेशनवर नोको जाऊ."

रामाजी साडेतीनपर्यंत बसला. मग भाकरी धोतराच्या सोग्यात बांधून स्टेशनकडे गेला.

गाडी सुटली, तेव्हा तो खिडकीशी होता. पुढे गँगची माणसं काम थांबवून रुळापासून दूर, एका रांगेत उभी होती. सगळ्यांच्या डोक्याला उन्हासाठी सारखीच पांढरी फडकी गुंडाळलेली होती, सगळ्यांच्या हातात फावडी होती, आणि धुळीसाठी सगळ्यांनी तोंडं फिरवलेली होती. रामाजीने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्यातला मनोहर कोणता, ते त्याला ओळखू आलं नाही.